मदत हवी आहे : फारशी न वापरलेली डाउनहिल सायकल विकण्याबाबत

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली डाउनहिल (डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्यासाठीची) माउंटन बाइक, तो नोकरीसाठी परदेशी गेल्यामुळे, कोल्हापुरातील आमच्या घरी जेमतेम सात-आठ वेळा चालवून पडून आहे. पुढे-मागे २०० मिलिमीटर ट्रॅव्हलचे (दबण्याच्या अंतराचे) सस्पेन्शन, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि वजन सुमारे १७ किलो. त्यामुळे पन्हाळ्याचा चढ किंवा रंकाळ्याची सकाळची फेरी यांसाठी ती उपयोगाची नाही, आणि पाहायला येणारे नेमके त्यासाठीच विचारतात. ती उताराची जाण असणाऱ्याच्याच हाती जावी, अशी मनापासून इच्छा आहे.

मूळ बिल आणि फ्रेम नंबर जपून ठेवले आहेत. सायकल दीर्घकाळ उभी राहिल्याने फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) सील कोरडे पडतात. तेव्हा सर्व्हिसिंग विक्रीपूर्वी करून घ्यावे, की तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी? मागच्या शॉकची (मागच्या सस्पेन्शनची) स्प्रिंग भावाच्या ६२ किलो वजनानुसार निवडलेली आहे, हे जाहिरातीतच लिहावे असे मला वाटते. पुण्या-बेंगळुरूचा ग्राहक मिळाल्यास ती ट्रान्सपोर्टने सुरक्षित कशी पाठवावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.