'सिंघम अगेन' पाहिला. त्यात सिंघम कुठे होता?

कोलव्याचा पाहुणा
दिवाळीत थेटरात जाणं जमलं नव्हतं, म्हणून अजय देवगणचा 'सिंघम अगेन' परवा घरी बसून पाहिला. संपल्यावर बायकोने विचारलं, कसा होता? म्हटलं, रामलीला बरी होती, सिंघम काही दिसला नाही.

२०११ चा पहिला आठवा. महाराष्ट्र-गोवा सीमेवरचं शिवगड नावाचं काल्पनिक गाव. जयकांत शिक्रे या गुंडाला, म्हणजे प्रकाश राजला, जामिनाच्या अटीप्रमाणे तिथल्या ठाण्यात येऊन सही करायची असते. तो आपल्या माणसाला पाठवतो. तिथला इन्स्पेक्टर बाजीराव सिंघम म्हणतो, ज्याची सही त्यानेच यायचं. बास, अख्खा सिनेमा त्या एका सहीवर उभा आहे. प्रकाश राज तणतणत येतो, गाव गोळा झालेलं बघतो आणि दात-ओठ खात परत जातो. मग सूड काय? सिंघमची बदली, कोलव्याला. बदलीचं हत्यार कसं चालतं हे कुठल्याही सरकारी नोकरदाराला विचारा, सिनेमा बघायची गरज नाही.

आता २०२४ चा घ्या. काश्मीर, श्रीलंका, रावण झालेला अर्जुन कपूर. सिंघमच्या बायकोला पळवून लंकेत नेतात आणि तिला सोडवायला रणवीर, टायगर, दीपिका, हेलिकॉप्टर घेऊन अक्षय असे सगळे हजर. शेवटी सलमानही डोकावून जातो. जत्रेत पोर हरवावं तसा बाजीराव हरवलाय. 'रिटर्न्स' २०१४ चा. दहा वर्षं थांबून हे काढायचं होतं?

माळरान
पहिला रुमाल माझा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, होऊ द्या.

खारीबिस्कीट
साफ असहमत. मी पाडव्याला पोराला घेऊन गेलो होतो, हॉल खच्चून भरलेला. प्रत्येक एंट्रीला शिट्ट्या. पोरगं सीटवर उभं राहून ओरडत होतं, मागच्या काकांनी दोनदा खाली बसवलं, तिसऱ्यांदा काका स्वतःच उभे राहिले. आणखी काय पाहिजे सिनेमाकडून?

आणि पाहुणे, पहिला काय माहितीपट होता का? रस्त्यावरचा दिव्याचा खांब उपटून गुंडांना बदडणारा इन्स्पेक्टर तुमच्या गावच्या ठाण्यात होता? तेव्हा चाललं ना? सिनेमा होता तिथेच आहे, आपले गुडघे दुखायला लागलेत.

कोलव्याचा पाहुणा
गुडघे दुखतात हे मान्य. पण मुद्दा खांबाचा नाहीच. खांब कुणासाठी उपटला ते तेव्हा कळत होतं. आता कोण कुणाला का मारतंय हे समजायला मध्येमध्ये रामलीला येऊन सांगते.

माळरान
एक बारीकसा खडा टाकून जातो. आडनाव 'सिंघम' असलेला एक तरी मराठी माणूस दाखवा, मी त्याला मिसळ खिलवतो. मूळ सिनेमा तमिळ, २०१० चा, सूर्याचा. तिथे नायक दुराईसिंगम, आणि तमिळमध्ये सिंगम म्हणजे सिंह. आपल्याकडे त्यातल्या सिंगमचं आडनाव केलं आणि पुढे बाजीराव लावला. त्यांनी २०१७ पर्यंत तीन भाग उरकून टाकले. आपला उसना सिंह मात्र पंचावन्नाव्या वर्षी परत डरकाळी फोडतोय.

खारीबिस्कीट
उसना तर उसना. 'आता माझी सटकली' हे पार उत्तरेकडची पोरं म्हणायला लागली ती या सिनेमामुळे. मराठी माणूस हिंदी सिनेमात म्हणजे गंगूबाई नाहीतर रामूकाका, हे किती वर्षं बघितलं आपण? इथे नायक मराठी, आणि भोवती अशोक सराफ, सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी, अनंत जोग.

कोलव्याचा पाहुणा
अहो, हेच तर म्हणतोय! नव्यात ते कुठे आहेत?

हवालदाराची लेक
बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहिते.

माझे पप्पा पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. पहिला 'सिंघम' आम्ही टीव्हीवर इतक्यांदा पाहिलाय की जाहिराती कुठे येणार तेही पाठ. सिंघमने कमरेचा पट्टा काढून कुणाला बडवलं की पप्पा दर वेळी एकच बोलायचे, "पट्टा काढला तर पँट कोण धरणार?" पट्ट्याचं पितळी बक्कल ब्रासो लावून घासायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे त्या पट्ट्याचा असा वापर मलाही बघवत नसे. पण हवालदाराच्या वेषात अशोक सराफ आले की पप्पा नीट सरळ बसायचे. म्हणायचे, हा ड्यूटी करून दमलेला माणूस आहे.

खारीबिस्कीट, तुमच्या शिट्ट्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एक गोष्ट बघा. पहिल्या भागाची सुरुवात कशाने होते? खोट्या आरोपाखाली बदनाम झालेला इन्स्पेक्टर कदम स्वतःला गोळी घालून घेतो. त्याची बायको, म्हणजे सोनाली कुलकर्णी, नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसायला दारोदार फिरते. 'रिटर्न्स'मध्ये काय होतं? एक साधा पोलीस रुग्णवाहिकेत नोटांसकट मेलेला सापडतो आणि सगळे म्हणतात, खाल्ले असणार. मग वर्दी उतरवून नुसत्या बनियनवर पोलीस रस्त्यावर उतरतात. तो सीन लागला की पप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे. एरवी आवाज कमी कर म्हणून ओरडणारा माणूस.

दोन्ही वेळा सिंघम लढला तो मेलेल्या, बदनाम झालेल्या साध्या पोलिसासाठी. त्याच्या घरचं कुणी गेलं नव्हतं. तिसऱ्यात तो स्वतःच्या बायकोसाठी लंकेला जातो. बायकोसाठी कुणीही जाईल हो.

कोलव्याचा पाहुणा
ताई, धागा मी काढला पण मुद्दा तुम्ही सांगितलात. मी नुसता सहीवर अडकलो होतो.

खारीबिस्कीट
बनियनचं पटलं. पण ताई, तिसऱ्यांदा पुन्हा एक पोलीस बदनाम दाखवला असता तर हेच पाहुणे म्हणाले असते, तेच ते, तेच ते. करावं तरी काय त्या दिग्दर्शक रोहित शेट्टीने?

एडिसनकर
इकडून अमेरिकेतून एक उदाहरण देतो. त्याच वर्षी जुलैत नेटफ्लिक्सवर 'बेव्हर्ली हिल्स कॉप'चा चौथा भाग आला. तिसरा १९९४ चा, म्हणजे मध्ये चक्क तीस वर्षं. एडी मर्फी त्रेसष्टचा. सिनेमा काही ग्रेट नाही, कथा तर तोंडी लावण्यापुरती. पण पहिल्या भागातले ते दोघे पोलीस, म्हणजे जज राइनहोल्ड आणि जॉन अ‍ॅश्टन हे नट, परत आणले. म्हातारे झालेले, पोट सुटलेले. सिनेमा आल्यावर तीनेक महिन्यांत अ‍ॅश्टन वारले. उशिरा काढलेल्या भागात मला एवढंच लागतं, जुनी माणसं काय करतायत ते कळावं. सराफांचा हवालदार पाच मिनिटं दाखवला असता, रिटायर होऊन कट्ट्यावर बसलेला, तर टायगर श्रॉफ नसता तरी चाललं असतं.

माळरान
+१. टायगर श्रॉफ नसता तर तसंही चाललं असतं.

वकीलसाहेब नव्हे
सगळे जुन्या आठवणींत रमलात, म्हणून मीच वाईटपणा घेतो. मला पहिलाही नको आणि तिसराही. पहिल्याचा शेवट आठवा. वरिष्ठांसकट सगळे पोलीस मिळून शिक्रेला ठाण्यात संपवतात, आत्महत्येचा बनाव करतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. खोट्या केसने मेलेल्या कदमला न्याय मिळवून दिला तो दुसरी खोटी केस रचून! २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 'सिंघम'चं नाव घेऊनच सांगितलं होतं की असे सिनेमे घातक संदेश देतात. कोर्टाची प्रक्रिया नको, झटपट निकाल हवा, ही घाई त्यातून पसरते.

आणि तिसरा कधी आला बघा. १ नोव्हेंबर २०२४. त्याच्या पाच-सहा आठवडे आधी बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले, पेढे वाटले गेले. उच्च न्यायालय पोलिसांना विचारत होतं की एका माणसाला एवढे पोलीस आवरू कसे शकले नाहीत. त्या वातावरणात मला तरी गाड्या उडताना बघून मजा येणं शक्य नव्हतं.

खारीबिस्कीट
फलक सिनेमाने लावले नाहीत साहेब. माझ्या काकांची जमिनीची केस मी शाळेत असल्यापासून चालू आहे. काका गेले, आता चुलतभाऊ तारखांना जातो. अडीच तासात निकाल कुठे लागतो? पडद्यावर. तेवढं तरी राहू द्या.

वकीलसाहेब नव्हे
तारखांचा राग मलाही येतो. पण तुमच्या चुलतभावाविरुद्ध उद्या कुणी 'सटकला' तर त्याला कोर्टच लागेल.

हवालदाराची लेक
वकीलसाहेब, यावर पप्पांचं मत तुम्हाला आवडेल. शिक्रेला मारलं की ते उठून पाणी प्यायला जायचे. म्हणायचे, "आता याचा पंचनामा लिहिणार कोण? सही कोणाची?" गोळी घालून साहेब जीपमधून जातात, कागद हवालदाराच्या गळ्यात. चौकशी लागली की खालचे लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात. हे त्यांनी नोकरीत पाहिलं होतं, कुणाचं ते कधी सांगितलं नाही.

म्हणजे पाहुण्यांची सही बरोबरच होती, फक्त ती शिक्रेची नव्हती.

कोलव्याचा पाहुणा
बरं, तिसरा पप्पांना दाखवलात का?

हवालदाराची लेक
दाखवला. काश्मीर संपायच्या आत झोपले. त्यांना तेवढं माफ आहे. पस्तीस वर्षांत लक्ष्मीपूजनाला ते बोटांवर मोजण्याइतक्या वेळा घरी होते, दर दिवाळीला बंदोबस्त. आई फराळाचा डबा ठाण्यात पाठवायची. डबा घासल्यासारखा रिकामा यायचा आणि पप्पांच्या वाट्याला त्यातली एखादी करंजी आलेली असायची. आणि हा सिंघम ऐन दिवाळीत नेमका मोकळा!

खारीबिस्कीट
ताई, हरलो. फक्त घरी एक अडचण झालीय. सलमान दिसल्यापासून पोरगं रोज विचारतंय, सिंघम आणि चुलबुल पांडेचा सिनेमा कधी? काय सांगू?

हवालदाराची लेक
सांगा, दोघांचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.