कोरियात ओंदोलवर झोपणं: आई येतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सप्टेंबरपासून देजॉनला आहे, पीएचडीसाठी. एकच खोली आहे, त्यातच किचन, इथे त्याला वन-रूम म्हणतात, पलंग नाही. जमिनीवरच झोपते. खालच्या पातळ गादीला इथे 'यो' म्हणतात, वरच्या दुलईला 'इबुल', आणि जमीन खालून गरम असते ते ओंदोल. पूर्वी चुलीची झळ आणि धूर जमिनीतल्या सपाट दगडांखालून नेऊन पलीकडच्या धुराड्यातून सोडायचे, आता बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून फिरतं. बाहेर शून्याच्या खाली असताना अनवाणी पायांना ती ऊब लागते ना, खरंच सुख आहे.

पण सकाळी उजवा खुबा आणि खांदा जाम दुखतो, मी कुशीवर झोपते. इथली पोरं जाड टॉपर, म्हणजे फोमची गादी, वापरतात पण मग खालची ऊब वर कशी येणार? आणि परवा गादी उचलली तर खालून ओलसर, कोपऱ्यात काळे ठिपके आणि कुबट वास. गॅसचं बिल वाचवायला रात्री बॉयलर बंद करते, सकाळी लॅबला पळायच्या घाईत अंथरूण तसंच पडलेलं असतं.

खरं म्हणजे जानेवारीत आई येतेय, तीन आठवडे. वय 64, गुडघे दुखतात. फोनवर म्हणाली, "आम्ही काय पलंगावर वाढलो का गं, गोधडी टाकली की झोप." पण तेव्हा ती दहा वर्षांची होती, आता रात्री दोनदा बाथरूमला उठते आणि खालून उठणं जड जातं हे ती कबूल करणार नाही. फोल्डिंग पलंग आणू का? पण ती गरम जमीन मला तिला द्यायचीच आहे. जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद
मी सुवनला सहा वर्षं आहे. बॉयलर पूर्ण बंद नको करूस, कमीवर ठेव. जमीन गार पडली की अंगाचा दमटपणा गादीखाली अडकतो, तीच बुरशी. आणि रोज सकाळी घडी घालच, इथले लोक यो कपाटात ठेवतात ते फक्त जागेसाठी नाही, जमीन आणि गादी दोन्हीला हवा लागते. ऊन असेल तेव्हा बाहेर टाक. काळी पडलेली गादी मात्र आईला देऊ नकोस, नवीन घे. मेमरी फोम गरम जमिनीवर मऊ पडतो, त्यापेक्षा कापसाचे दोन यो एकावर एक, खुब्याला पुरतं.

आईंसाठी: जुन्या घरात चुलीजवळची सगळ्यात गरम जागा, आरेतमोक, वडीलधाऱ्यांना द्यायचे. पाइपांची जमीनसुद्धा सगळीकडे सारखी तापत नाही, अनवाणी फिरून बघ आणि तिथे त्यांचं अंथरूण घाल. शेजारी न सरकणारी जड खुर्ची ठेव, कुशीवर वळून गुडघ्यावर येऊन तिचा आधार घेत उठायचं. आल्या दिवशीच तुझ्यासमोर उठून बघू देत, नाहीच जमलं तर रात्री पलंग आणि दुपारची वामकुक्षी जमिनीवर.

धागाकर्ती
खूप आभार! वामकुक्षीचं सुचलंच नव्हतं. कापसाचा यो दुकानात काय म्हणून मागू?

प्रतिसाद
'मोख्वासोम यो'. जुन्या बाजारात इबुलजिप असतं, अंथरूण-पांघरुणाचं दुकान, तिथे जा. हाताने दाबून बघून घे.