नुसत्या आदेशावर भागत नाही

वर ताईंनी लिहिलंय की मुलगा त्यांच्याकडे राहतो, पण कोर्टाच्या आदेशात त्याला टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून असलेलं मूल) म्हणून दाखवायचा हक्क वडिलांना दिलाय, म्हणजे विषय संपला. अमेरिकेत तसं नाही हो. आयआरएस, म्हणजे तिथलं कर खातं, बघते ते वर्षभरात मूल जास्त रात्री कुणाकडे राहिलं. आदेश २००८ नंतरचा असेल तर वडिलांनी रिटर्नला त्याची पानं जोडून चालत नाही. हा हक्क सोडल्याचा, तुमच्या सहीचा फॉर्म ८३३२ किंवा त्याच मजकुराचं निवेदनच लागतं.

ताई, सही करताना फक्त भाग १ भरा, तो त्या एका वर्षापुरता असतो. भाग २ मध्ये पुढची वर्षंही सुटतात, आणि ते मागे घ्यायचं तर लगेच होत नाही. चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे मिळणारी करसवलत) वडिलांकडे गेलं, तरी हेड ऑफ हाउसहोल्ड (घर चालवणाऱ्या एकट्या पालकाचा, कमी कर लागणारा दर्जा) आणि पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट, नियमात बसत असाल तर, तुमचंच. ते अजिबात सोडू नका.