वार्षिक सभा: निम्मे हॉलमध्ये, निम्मे झूमवर. आवाजाची जोडणी कशी करावी?

चौथा_मजला
नमस्कार मंडळी. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरमध्ये आहे. साठेक सभासद हॉलमध्ये, पंधरा-वीस झूमवर. साउंडवाल्याचे २ कॉर्डलेस माईक, मिक्सर आणि २ स्पीकर असतात. लॅपटॉप टेबलावर ठेवला की बाहेरच्यांना काही ऐकू जात नाही. त्यांचा आवाज स्पीकरवर घेतला की त्यांना स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं. नेमकी जोडणी सांगा. सभा चालवताना आणखी काय सांभाळावं?

खर्जातला_सा
लॅपटॉपचा माईक समोर बसलेल्या एका माणसासाठी असतो. दहा फुटांवरचा आवाज त्याच्यापर्यंत भिंतींवर आपटून पोचतो, आणि झूम त्यालाच गोंगाट समजून शब्द खातं. म्हणून माईकचा आवाज मिक्सरमधून तारेनेच लॅपटॉपला द्या.

त्यासाठी एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मिक्सर आणि लॅपटॉपमध्ये आवाजाची ने-आण करणारी छोटी पेटी, लागेल. मिक्सरच्या 'ऑक्स सेंड'मधून (स्पीकरपेक्षा वेगळं मिश्रण बाहेर देणारं भोक) तार इंटरफेसच्या लाइन इनपुटला, आणि इंटरफेसच्या आउटपुटमधून दुसरी तार मिक्सरच्या मोकळ्या चॅनलला. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माईक आणि स्पीकर दोन्हीकडे हाच इंटरफेस निवडा.

आता खरी मेख. दोन्ही माईकच्या चॅनलवर ऑक्सचा नॉब मध्यावर ठेवा. लॅपटॉपच्या चॅनलवर मात्र तोच नॉब पूर्ण शून्यावर. मग झूमवरच्यांचा आवाज हॉलमध्ये येतो, पण त्यांच्याकडे परत जात नाही. साउंडवाल्याला 'मिक्स मायनस' म्हणा, त्याला कळेल. ऑक्सला 'प्री' बटण असेल तर ते दाबा, म्हणजे शिट्टी वाजली म्हणून कोणी हॉलचा आवाज कमी केला तरी बाहेरच्यांचा कमी होणार नाही.

तरीही प्रतिध्वनी राहिला तर तो स्पीकरमधून चालू माईकमध्ये शिरतोय. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा, आणि बाहेरचा सभासद बोलत असताना हॉलचे दोन्ही माईक बंद. झूममधलं 'ओरिजिनल साउंड' बंदच असू द्या, ते गाण्या-वाजवण्यासाठी आहे.

मिक्सरची तार थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालू नका. तिथे माईकचा क्षीण सिग्नल अपेक्षित असतो, लाइनचा जोरकस सिग्नल गेला की आवाज फाटतो. 'घूं' असा सूर आला तर चार्जर काढून बघा. सूर थांबला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून येणारी गुणगुण. सभा बॅटरीवर चालवा किंवा तारेच्या मध्ये ती गुणगुण अडवणारा आयसोलेटर लावा.

लॅन_केबल
वरच्या प्रतिसादाला +१. लॅपटॉपला वायफाय नको, राउटरपासून केबल ओढा. साठ मोबाईल त्याच वायफायवर आले की आधी आवाज तुटतो.

झूमच्या फुकट खात्यावर सभा ४० मिनिटांत बंद पडते. एका महिन्यापुरतं तरी सशुल्क खातं घ्या.

झूमवरचे सभासद परदेशात असतील तर वेळही बघा. रविवारी सकाळी १०.३० म्हणजे सप्टेंबरात लंडनला पहाटेचे ६ आणि न्यूजर्सीत रात्रीचा १. संध्याकाळी ६.३० ठेवली तर लंडनला दुपारचे २, न्यूजर्सीत सकाळचे ९, दुबईत ५. सिडनीत ११ वाजतात, पण माणूस जागा असतो. नोटीस १४ पूर्ण दिवस आधी जायची असते, तेव्हा वेळ आधीच पक्की करा.

इतिवृत्त
जोडणी बिनचूक असूनही बाहेरच्यांवर अन्याय होतो तो विलंबामुळे. त्यांच्यापर्यंत आवाज पोचायला, त्यांनी म्यूट काढायला वेळ लागतो. अध्यक्ष "कोणाचा विरोध? नाही? मंजूर" असं एका दमात म्हणाले की त्यांचं "थांबा" ठराव झाल्यावर पोचतं. प्रत्येक विषयावर आधी झूमला विचारा, मनात पाचपर्यंत मोजा, मग हॉलकडे वळा.

झूमसाठी वेगळा माणूस नेमा, सचिव नको. सचिवांचं लक्ष इतिवृत्तात असतं. या माणसाने वेटिंग रूममधून एकेकाला आत घेताना नाव 'ए-३०४ आडनाव' असं करून घ्यावं, हात वर करणाऱ्यांचा क्रम कागदावर लिहावा आणि अध्यक्षांना दाखवावा.

मतदानासाठी झूमचा पोल वापरू नका. एकाच सदनिकेतून नवरा-बायको दोन फोनवर असतील तर दोन मतं मोजली जातात. सदनिका क्रमांक पुकारून तोंडी मत घ्या. वीस जणांना पाचेक मिनिटं लागतात. ऑनलाइन मत ग्राह्य धरायचं का, हे उपनिबंधक कार्यालयाला आधीच लेखी विचारून ठेवा.

चौथा_मजला
खूप आभार. ताळेबंद प्रोजेक्टरवर दाखवायचा आहे. त्याच लॅपटॉपवरून?

खर्जातला_सा
नको. दुसरा लॅपटॉप आणा आणि सभेत ऑडिओ न जोडता सामील व्हा. ऑडिओ जोडला तर नुसतं म्यूट पुरत नाही, त्याच्या स्पीकरमधून आवाज उशिरा येऊन पुन्हा घोळ होतो. ताळेबंद नोटिशीबरोबर पीडीएफ करून पाठवाच, फोनच्या पडद्यावर ते आकडे वाचता येत नाहीत. आणि आदल्या दिवशी हॉलमध्येच चाचणी घ्या: एकाने मोबाईल डेटावर खाली रस्त्यावर जाऊन बोलायचं आणि स्वतःचा आवाज परत येतो का ते सांगायचं.