शस्त्र ‘बाळगणे’ की ‘घेऊन फिरणे’?

रामबागकर: भाच्याला एक भाषांतर करून देतोय. फिलिपीन्समध्ये सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला. त्यांच्या सामान्य आदेश क्रमांक ६ मध्ये एकाच वाक्यात तीन क्रियापदं आहेत: कीप, पझेस, कॅरी. अधिकृत परवानगीवाचून घराबाहेर बंदुकीबाबत यांतलं काहीच चालणार नाही. मी तिन्हींना ‘बाळगणे’ लावलं आणि अडकलो.

सराफ्याजवळची: काका, ‘बाळगणे’ फारच ऐसपैस आहे हो. बंदूक कपाटात कुलपाआड असली तरी बाळगली, कमरेला लावली तरी बाळगली. राग, अढी, मौनसुद्धा बाळगतात! ‘वागवणे’ घ्या, ओझं वागवतो तसं.

रामबागकर: घेतलं असतं. पण भाषांतरात पोलिसाबद्दलही वाक्य आहे. ‘पोलीस बंदूक वागवतो’ वाचून कुणी विचारेल, नीट वागवतो ना?

सराफ्याजवळची: मग आपलं इंदुरी, ‘बंदूक घेऊन चालतो’. पुण्याच्या माणसाला वाटेल सकाळी फिरायला निघालाय. 😄

महूवाला: क्रियापदाइतकीच पोलिसाची अवस्था बघा. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात कलम ३ ला मिळवणं, ताब्यात असणं आणि जवळ घेऊन जाणं अशा तीन गोष्टी आहेत, त्यांना परवाना लागतो. कलम ४५ मात्र सरकारी सेवकाला कर्तव्य बजावताना सूट देतं. म्हणून ‘नोकरीत असलेला’ आणि ‘ड्यूटीवर असलेला’ हे एकच समजू नका. आपले टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे पोलीस निरीक्षक, रजेवर भाचीच्या लग्नाला गेले, तर नोकरीत असतात, ड्यूटीवर नसतात. भाषांतरात नेमका हाच फरक गळतो.

सराफ्याजवळची: आणि मार्शल लॉला ‘आणीबाणी’ लिहू नका. १९७५ साली आपल्याकडे अनुच्छेद ३५२ लागू झाला, लष्करी कायदा नव्हे. अनुच्छेद ३४ मध्ये तो शब्द येतो, व्याख्या मात्र घटनेत कुठेच नाही.

महूवाला: ‘मार्शल लॉ’ तसाच राहू द्या. १९३०मध्ये इंग्रजांनी सोलापुरात तो लावला, त्या दिवसांना सोलापूरकर आजही मार्शल लॉच म्हणतात. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी झाली ती त्याच प्रकरणात, पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून. मराठी माणसाला हा शब्द परका नाही.

रामबागकर: ठरलं. ठेवणे, ताब्यात असणे, घेऊन फिरणे. आणि पोलिसाच्या वाक्यात आधी ‘कर्तव्यावर असताना’, मग क्रियापद. भाच्याचा फोन दोनदा येऊन गेलाय, पाठवतो.