रग्बी लीगचे हौशी क्लब जगवायचे असतील तर लांबचे सामने बंद करा

कॅल्डरकाठ

गेल्या शनिवारी सकाळी आठला आम्ही दोघं मैदानावर होतो. एकाने रेषा मारायचं यंत्र ढकललं. मी पिशवी घेऊन कुत्र्यांची घाण उचलत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो, कारण दुपारी टॅकल झाला की कुणाचा तरी चेहरा त्याच गवतात जाणार असतो. खांबांना गाद्या बांधल्या, कोपऱ्यांत झेंडे रोवले. पावणेअकराला समोरच्या क्लबच्या सचिवाचा फोन आला. "नऊच पोरं जमलीत, आम्ही येत नाही." मग मी आमच्या सोळा जणांना एकेक करून फोन लावत बसलो. त्यातल्या तिघांनी या सामन्यासाठी कामावरची शिफ्ट सोडली होती. कबड्डीवाले म्हणतात तशी आम्हाला 'पुढे चाल' मिळाली. कागदावर दोन गुण जमा झाले. या मोसमातली ही चौथी वेळ.

मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या उत्तर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सजवळ राहतो. मुलगा खेळायला लागला म्हणून मैदानावर जायला लागलो आणि सहा वर्षांपूर्वी क्लबचा सामने-सचिव होऊन बसलो. हा तेरा जणांचा रग्बी लीग, पंधरा जणांच्या रग्बी युनियनहून वेगळा. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब जमले आणि युनियनमधून बाहेर पडले. भांडण मजुरीचं होतं. गिरणीत नि खाणीत काम करणाऱ्या खेळाडूची शनिवारची रोजी बुडायची. ती भरून द्यावी असं उत्तरेच्या क्लबांचं म्हणणं होतं आणि लंडनच्या मंडळींना ते मान्य नव्हतं.

आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी हौशी खेळाडू त्याच शनिवारच्या रोजीसाठी घरी बसतोय. पार वायव्येला कंब्रियातल्या क्लीटर मूरचा वाथ ब्राऊ हॉर्नेट्स आणि पूर्व किनाऱ्यावरचा वेस्ट हल हे दोन्ही हौशी क्लब देशपातळीच्या स्पर्धेत एकमेकांशी खेळलेत. रस्त्याने हे अंतर जवळपास दोनशे मैल. बस सकाळी निघते, माणूस रात्री घरी पोचतो. प्लंबरचा, गोदामातल्या पोराचा अख्खा दिवस जातो, वर बसचे पैसे खिशातून.

माझं म्हणणं असं. सगळ्यात वरची एक फळी सोडली तर बाकी सगळे सामने पंचवीस मैलांच्या आत व्हावेत. समोरून अकरा आले तर आपणही अकराच उतरवावेत. जो संघ येऊन खेळला त्याला हरला तरी एक गुण द्यावा. पोरांना खेळायला मिळणं महत्त्वाचं, तक्ता नंतर.

हंबरपार

सचिवसाहेब, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण निदान साफ चुकलंय. मी हलमध्ये अठरा वर्षं आहे, त्यातली दहा इथल्या एका हौशी क्लबच्या समितीवर.

चार वेळा पुढे चाल मिळाली म्हणता. त्या चारपैकी किती संघ पन्नास मैलांपलीकडचे होते, तेही सांगा.

गावशेजारच्या स्पर्धा आम्ही भरपूर पाहिल्यात. पंचवीस मैलांच्या वर्तुळात दोन क्लब तगडे, सहा अशक्त. तगडा संघ सत्तर-शून्यने मारतो. दुसऱ्या वेळी अशक्त संघाची निम्मी पोरं येत नाहीत, तिसऱ्या वेळी संघच येत नाही आणि जुलैपर्यंत आठांचे पाच होतात. तगड्यांनाही त्यात काही मिळत नाही. १९८६ ला हौशी क्लबांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती याच दुखण्यावर औषध म्हणून, सारख्या ताकदीचे संघ एकमेकांसमोर यावेत म्हणून. सारखी ताकद पंचवीस मैलांत मिळाली असती तर कुणी कशाला दोनशे मैल गेलं असतं?

दुसरं, पोरांना स्वप्न लागतं. हौशी आणि व्यावसायिक क्लब एकत्र खेळतात त्या चॅलेंज कपमध्ये २००४ ला शार्लस्टन रोव्हर्स या खाणगावच्या हौशी संघाने व्यावसायिक ड्यूसबरीला हरवलं. नील फॉक्स हा खेळाडू याच गावचा, कारकिर्दीत सर्वाधिक ६२२० गुणांचा विक्रम त्याच्या नावावर आहे. २०२५ ला याच कपमध्ये सुपर लीगचे, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगचे, संघ तिसऱ्याच फेरीत उतरले आणि यॉर्क एकॉर्न या हौशी क्लबला हल किंग्स्टन रोव्हर्सशी खेळायला मिळालं. त्याच हल किंग्स्टन रोव्हर्सनी त्या वर्षी कप जिंकला. आमच्या भागातली पोरं अजून त्या सामन्याबद्दल बोलतात. अकरा विरुद्ध अकरा, हरलात तरी गुण, अशा खेळातून असा संघ कसा घडणार?

कॅल्डरकाठ

विचारलंत म्हणून खरं सांगतो. चारपैकी दोन लांबचे, दोन वीस मैलांच्या आतले. पण त्या दोन जवळच्या सामन्यांच्या वेळी अकरा-अकराची मुभा असती तर दोन्ही झाले असते. एका संघाची बारा पोरं आमच्या मैदानापर्यंत आली होती. नियमावर बोट ठेवून मीच सामना नाकारला. त्यांची पोरं पिशव्या खांद्याला लावून परत बसथांब्याकडे गेली, ते आजही डोळ्यांसमोर येतं. नाकारायला नको होता.

शुभदा_वेकफील्ड

तुम्ही दोघंही मोठ्यांच्या संघाबद्दल बोलताय. गळती लागते ती सोळा ते अठराच्या मध्ये. मी एका क्लबमध्ये मुलांच्या सुरक्षेचं काम बघते, म्हणजे प्रत्येक प्रशिक्षकाची पोलीस-पडताळणी, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, डोक्याला मार बसलेल्या मुलाला किती दिवस मैदानाबाहेर ठेवायचं त्याची नोंद. आमच्याकडे बारा वर्षांखालच्या मुलांचे तीन संघ आहेत. सोळाला त्यातला एक उरतो आणि अठराला तो शेजारच्या क्लबबरोबर जोडून उभा करावा लागतो.

का? चौदाच्या सुमाराला व्यावसायिक क्लबांची माणसं येतात आणि आपल्याकडच्या प्रशिक्षणाच्या स्कॉलरशिपसाठी दोन-तीन मुलं निवडतात. निवडलेल्यांबद्दल आनंदच आहे. पण उरलेल्या चौदा जणांना कुणी काही न बोलता कळतं की आपण त्यातले नाही. गेल्या वर्षी एका मुलाने मला त्याचे बूट आणून दिले. "कुणाला तरी होतील, मावशी." (इथली मुलं मला मावशी म्हणतात, मीच शिकवलंय.) नवेकोरे होते. तेराव्या वर्षी हाच मुलगा पावसात सर्वांत आधी येऊन शंकू मांडायचा.

मैल आणि गुणतक्ता बदलून हा मुलगा परत येईल का? मला नाही वाटत. सतरा-अठराच्या मुलांसाठी वेगळा माणूस लागतो, जो त्यांना मेसेज करेल, त्यांच्या शिफ्ट सांभाळून सराव ठेवेल. असा माणूस फुकट मिळत नाही. जे व्यावसायिक क्लब आमची तयार मुलं नेतात, त्यांनी प्रत्येक मुलामागे आमच्या क्लबला ठरावीक रक्कम द्यावी. त्यातून हा माणूस ठेवता येईल.

लालबागचा_चढाईपटू

हे वाचून गिरणगावच आठवलं. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि कबड्डी मंडळांचा कणाच मोडला. गिरणीतली नोकरी म्हणजे संध्याकाळची पाळी बदलून देणारा साहेब, सरावाला जागा, कंपनीच्या संघात भरती. तुमच्या यॉर्कशरच्या खाणगावांचं १९८४-८५ च्या संपानंतर तेच झालं असणार. शार्लस्टनची खाण १९९३ ला बंद पडली असं वाचलंय. खाण गेली तरी संघ २००४ ला जिंकला, याला माझा सलाम.

पण आमची मंडळं तगली ती मोसमभराच्या लीगमुळे नाही. तीन-चार रात्रींची स्पर्धा, चौकात दिवे, मॅटवर किंवा मातीवर एका रात्रीत दहा सामने, आजूबाजूची सगळी वस्ती बघायला. सात खेळाडू आणि पाच राखीव, एका टेम्पोत मावतात. कामावर रजा टाकावी लागत नाही. तुम्ही मोसमभर दर शनिवारी माणूस मागता, हेच आजच्या पोराला जड जातंय. वर्षात सहा शनिवार ठरवा, एका मैदानावर आठ संघ बोलवा.

२०१४ ला प्रो कबड्डी आली. टीव्हीवर पैसा दिसला आणि त्यातून पोरं वाढली हे मान्य. गल्लीतल्या मंडळाच्या भाड्याला मात्र त्यातलं काही आलं नाही. त्यामुळे शुभदाताईंच्या ठरावीक रकमेला माझा पूर्ण पाठिंबा.

हंबरपार

दादा, कबड्डीची रात्र आणि रग्बी लीगची दुपार यांत फरक आहे. ऐंशी मिनिटांच्या सामन्यात एकेक जण वीस-तीस टॅकल करतो. एका दिवशी दोन सामने म्हणजे दुखापतीला आमंत्रण. नऊ-नऊ जणांचा छोटा प्रकार आहे, २०१९ ला सिडनीत त्याचा विश्वचषकही झाला. सणासुदीला तो चांगला. त्यावर क्लब चालत नाही. पुढच्या फळीतल्या सव्वाशे किलोच्या माणसाला नऊंच्या खेळात जागाच नसते आणि तसा माणूस प्रत्येक क्लबमध्ये पाच-सहा. त्यांना बाहेर काढून क्लब मोठा होणार नाही.

निखिल_सेंटहेलेन्स

मी एकवीस वर्षांचा. अठरापर्यंत खेळलो, दोन वर्षं सोडला, आता परत आलोय. गोदामात काम करतो, शिफ्ट बुधवारी कळते. शनिवार मिळाला तर नाही म्हणता येत नाही, नाही म्हटलं की पुढच्या आठवड्यात तास कमी होतात.

तरी अंतराच्या बाबतीत मी हंबरपार काकांच्या बाजूने. चांगला सामना असेल तर चार तास बसमध्ये बसायला मी तयार आहे. बसमधलं येणं-जाणं हाच क्लब आहे. परत येताना मागच्या सीटवर सगळे गात असतात, तेवढ्यासाठी मी परत आलो. शेजारच्या गावात जाऊन ज्यांच्याबरोबर शाळेत शिकलो त्यांनाच पाचव्यांदा भेटणं नको वाटतं.

मला नकोसा होतो तो जुलै-ऑगस्ट. २०१२ पासून राष्ट्रीय लीग उन्हाळ्यात गेली. मैदानं कोरडी असतात हे बरं, पण नेमकी तेव्हाच लग्नं, सुट्ट्या, क्रिकेट. निम्मा संघ स्पेनमध्ये असतो.

शिट्टी

मी पंच आहे, ओल्डहॅमकडचा. तुमच्या चर्चेत पंचांचा उल्लेख एकदाही आला नाही, म्हणून लिहितोय.

माझ्याबरोबर शिकलेल्या नऊ जणांपैकी तिघं उरलोत. बाकीचे शिव्यांमुळे गेले. खेळाडूंच्या शिव्या सहन होतात, खेळाडू सामना संपला की हात मिळवतो. रेषेबाहेर उभ्या पालकांच्या सहन होत नाहीत. पंधरा वर्षांच्या एका मुलीने शिट्टी धरली होती, मुलांचा सामना, आणि एक बाप चाळीस मिनिटं तिच्या शेजारून चालत बोलत राहिला. ती परत आली नाही.

कॅल्डरकाठ यांच्या मताला माझं एक कारण जोडतो. मैदानं जवळ असतील तर मी शनिवारी सकाळी मुलांचा आणि दुपारी मोठ्यांचा, असे दोन सामने घेऊ शकतो. लांब असतील तर एकच. पंच मिळत नाही तेव्हा दोन्ही क्लबांचे प्रशिक्षक एकेक डाव शिट्टी वाजवतात, मी स्वतः पाहिलंय, आणि त्यातून जी भांडणं होतात ती पुढच्या मोसमापर्यंत मिटत नाहीत.

हंबरपार

पंचांचं म्हणणं पटलं. मुलांच्या सामन्यांना ते लागू करा, मी पाठिंबा देतो. मोठ्यांच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.

शिवाय पैसा नाही असं सरसकट म्हणू नका. हौशी क्रीडा क्लब म्हणून करखात्याकडे नोंद केली की इमारतीच्या पट्टीत ८० टक्के सूट मिळते. २०२१ चा विश्वचषक कोविडमुळे २०२२ ला झाला, तेव्हा सरकारने छोट्या क्लबांच्या सोयींसाठी १ कोटी पौंड ठेवले होते. त्यातून कपडे बदलायच्या खोल्या झाल्या, मुलींसाठी वेगळ्या सोयी झाल्या. पण अर्ज भरायला माणूस लागतो. आमच्याकडे तो एक निवृत्त शिक्षक होता, पाच वर्षं रात्री बसून फॉर्म भरायचा. तो गेल्यावर दोन वर्षांत एकही अर्ज गेला नाही. १९७३ ला हौशी क्लब धडाधड बंद पडत होते, तेव्हा हडर्सफील्डलाच 'बार्ला' ही हौशींची संघटना उभी राहिली, तीही अशाच कागद लिहिणाऱ्या लोकांमुळे. स्पर्धेचा आराखडा कितीही बदला, असा माणूस नसेल तर क्लब बसतोच.

शुभदा_वेकफील्ड

आणि तो माणूस कुठून येतो? सतराव्या वर्षी बूट परत न देणाऱ्या मुलातून. आमचा आत्ताचा खजिनदार कधीच पहिल्या संघात नव्हता. राखीव म्हणून बसायचा, पण बसायचा. म्हणून म्हणते, आधी सतराचे सांभाळा.

कॅल्डरकाठ

ताई, हे मी लिहून घेतलंय. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या क्लबांची बैठक आहे. पंचवीस मैलांचा मुद्दा मी मांडणारच, पण आधी दोन गोष्टी ठेवतो. एक, समोर कमी असतील तर तितक्यालाच खेळायची मुभा, अठराखालच्यांपासून क्लबच्या दुसऱ्या संघापर्यंत. दोन, येत नसल्याचं शुक्रवारी रात्री आठच्या आत कळवलं नाही तर पुढच्या घरच्या सामन्याचा पंचखर्च त्या क्लबने द्यायचा. निखिल, तुझ्या क्लबमध्ये शिफ्टवाले किती आहेत ते विचारून सांगशील का? आमच्याकडे मी मोजले, एकवीसपैकी नऊ.

निखिल_सेंटहेलेन्स

उद्या सरावाला विचारतो. अंदाजाने निम्मे तरी असतील.

हंबरपार

पंचवीस मैलांच्या विरोधात मी आमच्या समितीत बोलणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो. पण कमी माणसांत खेळायची मुभा दुसऱ्या संघासाठी असेल तर माझा हात वर. आमचाही दुसरा संघ या मोसमात तीनदा मैदानावर जाऊन परत आलाय. बारा पोरं होती, तिन्ही वेळा.