शब्दचर्चा : वेळ थांबवणे, काळ गोठवणे की क्षण गाळणे?

प्रश्न
अ‍ॅनिमेवर, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांवर, मराठीत लिहितोय आणि एका शब्दाशी अडलोय. ‘जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर’मधला खलनायक डिओ नऊ सेकंदांपर्यंत सगळं जग थांबवतो. ‘ड्रॅगन बॉल सुपर’मधला मारेकरी हिट सुरुवातीला ०.१ सेकंदाची करामत करतो. आम्ही मित्र दोन्हीला ‘टाइम स्टॉप’च म्हणतो आणि मग ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू याच्यासारखा वेगवान लढवय्या त्यातून निसटेल का, यावर रात्री जागवतो. एखादा नेमका मराठी शब्द सुचवा.

प्रतिसाद १
एकच शब्द शोधू नका, तुमचा वाद त्यातूनच उभा राहतोय. जपानीत हे दोन निराळे शब्द आहेत. डिओची आरोळी ‘तोकी यो, तोमारे’: तोकी म्हणजे वेळ, यो हे संबोधन, तोमारे म्हणजे थांब. हिटच्या विद्येचं नाव मात्र ‘तोकी-तोबाशी’. तोबासु म्हणजे उडवणं, आणि मधलं सोडून पुढे जाणंही. मधली पानं सोडून वाचतात, त्यालाही हाच शब्द. आपल्याकडे ‘ओळ गाळली’ म्हणतात, तसा हिट क्षण गाळतो.

गाळलेल्या क्षणापलीकडे तो कुठे उगवेल हे गोकू आधीच ताडतो आणि ठोसा तिथे नेऊन ठेवतो. म्हणजे त्याला नुसत्या वेगाने नाही, अंदाजाने तारलं.

डिओपुढे वेग फुकट. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, आणि वेळच शून्य झाली तर भागाकार मांडायचा कसा? डिओच्या कैरोतल्या वाड्यात त्याच्याशी लढायला आलेला पोलनारेफ जिन्याची पायरी चढतो आणि पाहतो तर खालीच उभा; थांबलेल्या वेळेत डिओने त्याला खाली आणून ठेवलेलं असतं. हा भुरळीचा किंवा अतिवेगाचा प्रकार नव्हे, असं पोलनारेफ स्वतःच निक्षून सांगतो. या कथेचा नायक जोतारो डिओपासून वाचतो, तो चपळ आहे म्हणून नाही. त्याचा स्टँड (माणसाच्या आत्मशक्तीचं लढणारं रूप) स्टार प्लॅटिनम हा डिओच्या स्टँडच्याच जातीचा, म्हणून थांबलेल्या वेळेत त्याला हलता येतं.

प्रतिसाद २
‘गाळणे’ फार आवडलं. ‘काळ थांबवणे’ मात्र टाळा. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ म्हणणाऱ्या भाषेत काळ म्हणजे मरण. त्यामुळे ‘डिओने काळ थांबवला’ यातून त्याने कुणाचा तरी जीव वाचवला असं वाटेल. आणि आरोळी ‘काळा, थांब!’ केलीत तर रंगच डोळ्यांपुढे येतो. ‘वेळ’च ठेवा.

‘गोठवणे’ मी ‘ड्रॅगन बॉल सुपर’मधल्या हिट आणि महाबली जिरेन यांच्या लढतीसाठी राखून ठेवेन. तिथे हिट एकट्या जिरेनला जागच्या जागी जखडतो, बाकीचे उभे राहून बघताहेत. जिरेन निव्वळ ताकदीने ते फोडून बाहेर येतो. गोठलेलं फोडता येतं, थांबलेली वेळ कुठून फोडणार?

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आता जुन्या ‘ड्रॅगन बॉल झी’मधला गुल्डो उरला. गोकूचा मित्र क्रिलिन आणि मुलगा गोहान त्याच्यावर झेपावतात, तेव्हा तो श्वास कोंडून वेळ थांबवतो आणि दुसरीकडे पळतो. दम संपला की धापा टाकत उघडा पडतो. त्याला कोणता शब्द?

प्रतिसाद २
‘रोखणे’ घ्या. श्वासही रोखतात, वेळही. जितका वेळ श्वास रोखला, तितकीच वेळ रोखली.